न झोंबणारं मलम

अंबड, नाशिक

आदरणीय मालनअक्का, तुला धाकट्या सहादूचा सप्रेम जय भीम. इकडे सगळे बरे आहेत. सायखेड्याला तूही बरी असशील असं लिहिणार होतो, पण तुझ्या टाचेच्या जखमेचं ऐकल्यापासून ते लिहवत नाही. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्र तरी मधेच तोडता येत नाही. (फाडलंस तर गोष्ट वेगळी.)

आमच्या सूनबाईने, राकेशच्या बायकोने स्नेहाने, पाठवलेलं मलम तू फेकून दिलंस म्हणे. का, तर झोंबत नाही, आणि जे झोंबत नाही ते लागू पडत नाही. वर कहर म्हणजे जखमेला चुना लावलास, तोही झोंबला नाही, तर चुन्यातसुद्धा भेसळ म्हणून दुकानदाराला चार शब्द सुनावून आलीस. आता सुनेची बाजू घ्यावी तर तू रुसणार, तुझी घ्यावी तर मला गार चहा मिळणार. म्हणून ठरवलं, स्वतःवरच लावून बघायचं. योगायोगाने नारळ खवताना बोटं सोललीच होती. (योगायोग कसला, धांदरटपणा, असं आमच्या वत्सलाचं म्हणणं.) डोळे मिटून बसलो आणि तिला म्हटलं, लाव. अक्का, असं झोंबलं की ओट्यापासून गॅलरीपर्यंत नाचत गेलो. म्हटलं, अक्काच खोटी, मलम लय जहाल आहे. तेवढ्यात वत्सला स्वतःची बोटं हुंगत म्हणाली, "अहो, मी ठेचा करत होते." मग बोटं धुऊन, तिचे हात साबणाने घासून पुन्हा लावलं. काही नाही. एवढं गप्प औषध मी पाहिलं नाही. खपली मात्र छान धरली.

तेव्हापासून विचार करतोय. लहानपणी माझा गुडघा फुटला की तू टिंक्चर लावायचीस, मी बोंबलायचो आणि तू फुंकर घालायचीस. झोंबल्याशिवाय ती फुंकर मिळायची नाही, म्हणून आपल्याला झोंबणंच औषध वाटत राहिलं असेल. आता तिकडे तुझ्या टाचेवर फुंकर घालायला कोणी नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तुझा,
सहादू

ता. क. मलम झोंबत नाही, कारण ते झोंबणारं नाहीच. पण अक्का, चुना झोंबतोच. तुझी साखर वाढलेली, टाचेला काही कळेनासं झालं असेल, असं स्नेहा म्हणाली आणि मी लगेच राकेशला गाडी काढायला सांगितली. दुकानदाराची माफी नंतर माग. हे पत्र घेऊन आलेला राकेश दारात उभाच असेल. आहेस तशी त्याच्या गाडीत बस, इकडे नाशिकला डॉक्टरांना पाय दाखवायचाय.

ता. क. आणखी एक. दवाखान्यात जखम धुताना झोंबलं तर खुशाल ओरड. मी शेजारीच असेन. झोंबलं तर तुझ्यापेक्षा मलाच जास्त बरं वाटेल.