आयोजकाशी नातं नसावं

१ मे, सकाळी
निश्चय. यंदा ‘मल्लिकार्जुन मॅथ्स’च्या ॲडमिशन वाढवायच्याच. समोरच्या नव्या क्लासला एसी आहे, माझ्याकडे डोकं आहे. ऑनलाइन लकी ड्रॉ! सगळ्या बायकांसाठी खुला, एकदम फुकट. बक्षीस, घरगुती पिठाची गिरणी.
गिरणीच का सुचली, ठाऊक नाही. सुकन्या लग्नापासून मागत होती, त्याच्याशी संबंध नाही. ॲडमिशन झाल्या की घेऊ, असं दरवर्षी सांगत होतोच की.
सुकन्या अजून नांदेडलाच, बहिणीकडे. बायकोला माहेरची विश्रांती लागते. दुसरा उन्हाळा आहे, एवढंच.

३ मे
कपाट आवरलं. किल्लारीच्या घरातून भूकंपानंतर हे एक लोखंडी कपाट तेवढं धड निघालं. दार वाकलेलं, लागत नाही. सुकन्या गुडघा मारून लावायची. मी मारला तर गुडघाच सुजला.
नांदेडच्या वकिलाचं पाकीट आतच आहे, संक्रांतीपासून. उघडायची घाई नाही. ड्रॉ झाला की बघू.

७ मे
नियम तयार. एका मोबाइलवर एकच नाव, ओटीपीशिवाय एंट्री नाही, ड्रॉ लाइव्ह आणि विजेत्याला तिथल्या तिथं स्पीकरवर फोन. ऑफिस सांभाळणारे अण्णाराव म्हणाले, लातुरात लोक म्हणतात की बक्षीस कायम मेव्हण्यालाच निघतं. म्हणून नियम चार, लाल अक्षरात: विजेत्याचं आयोजकाशी कोणतंही नातं नसावं.
पोस्टरवर माझा फोटो. जुना. बारीक दिसतो.

१२ मे
पालकांना कॉम्प्युटरनं काढलेला नंबर नको. कॉम्प्युटर तुमचाच हाय, सर, असं तोंडावर म्हणाले. गणिताच्या माणसाला हे ऐकावं लागतं. शेवटी तडजोड. नोंदणी ऑनलाइन, पण नावाच्या चिठ्ठ्या काचेच्या बरणीत. चिठ्ठी काढणार खालच्या मेसच्या साखराबाई. त्यांना वाचता येत नाही, हे ऐकून सगळे खूश झाले.

१९ मे, संध्याकाळी
नोंदणीत तिचं नाव! सुकन्या, नांदेड. ओटीपी व्हेरिफाइड.
याचा अर्थ उघड आहे. परत यायचंय, पण सरळ कसं सांगणार? अण्णारावांचं मत असं की वहिनींनी बहिणीबरोबर धपाट्याच्या पिठाचा धंदा टाकलाय, गिरणी लागत असेल. अण्णारावांना भावना कमीच.
नियम चारप्रमाणे नाव काढायला हवं. काढलं नाही. एवढ्या चिठ्ठ्यांत तिचीच कशाला निघतेय?
नवा शर्ट घेतला. लाइव्ह ती बघणारच.

२९ मे
साखराबाईंनी कोपरापर्यंत हात घातला. चिठ्ठी अण्णारावांनी वाचली आणि माझ्याकडे दिली.
सुकन्या.
खाली कमेंट धो धो. ह्या तर सरांच्या मिसेस. झोल हाय. स्क्रीनशॉट काढा रे.
नियमाप्रमाणे फोन लावला. स्पीकरवर. नाव विचारलं, गाव विचारलं. तिसरा प्रश्न मीच बनवला होता, तोही विचारला. आयोजकाशी काही नातं?
“न्हाई, सर. संक्रांतीलाच पाकीट पाठवलंय. उघडलं नसंल तर आता उघडा, सगळ्यांसमोर.”
सर म्हणाली. अहो म्हणायची. पंख्याखाली उभा होतो, तरी शर्ट भिजला.
‘तांत्रिक अडचण’ अशी पाटी लावून लाइव्ह बंद केलं. नातं आहे, असं जाहीर करून दुसरी चिठ्ठी काढायची, हे मी ठरवून टाकलं. नियम म्हणजे नियम. साखराबाई बरणीचं झाकण लावत म्हणाल्या, “सर, नातं हाय म्हणलात तर तिची गिरणी जाती. बायको तर आधीच गेलीय.”
मी त्यांना मेसमध्ये भाकरी करपत असेल, असं सांगितलं.

३० मे
पुन्हा लाइव्ह. पाकीट कॅमेऱ्यासमोर उघडलं. आत तिची सही होती, वळणदार, क्लासच्या पहिल्या बोर्डावर तिनंच रंगवलेल्या अक्षरासारखी. शेजारची जागा माझी. तिथं सही केली आणि कागद कॅमेऱ्याला दाखवला. म्हणालो, विजेत्याचं आयोजकाशी नातं नाही. अण्णारावांनी कॅमेरा बरणीकडे वळवला.
कमेंटमध्ये लाल बदाम. इतका पारदर्शक ड्रॉ कुणीच पाहिला नव्हता म्हणे.
फार रडलो. नंतर शर्टाची घडी घातली.

४ जून
गिरणी टेम्पोनं नांदेडला गेली. विनर-फोटोसाठी मी बरोबर जाणार होतो. तिचा मेसेज आला, फोटो नको, माणूस पाठवू नका, गिरणी तेवढी उभी ठेवून पाठवा.
माणूस, म्हणजे मी.
ॲडमिशन चौकशी भरपूर. सगळ्यांचा प्रश्न एकच, पुढचा ड्रॉ कधी.

७ जून
सकाळी ज्वारीचा डबा घेऊन कोपऱ्यावरच्या गिरणीत गेलो. पहिल्यांदाच. डबा जड असतो, हे तिनं कधी सांगितलं नाही. सांगितलं असेल.
गिरणीवाल्या वीरण्णानं विचारलं, आज तुम्ही कसे? वहिनी कधी येणार?
म्हटलं, ॲडमिशन झाल्या की.