चालू राहिलेला माइक

साळूताई,
नमस्कार.

"तुझ्या चैतन्यनं नाटक गाजवलं," असं मी दुपारी निफाडला फोन करून सांगितलं. ते खोटं नव्हतं. सिडकोतल्या शाळेत कोयते घेऊन फिरणाऱ्या पोरांविरुद्धचं आमचं नाटक होतं. पोरगं सुधारेल म्हणून मीच त्याला गुंडाचं काम मिळवून दिलं होतं. पोरांच्या शिट्ट्या पडल्या, त्याही गुंडालाच.

माझ्यासारख्या साऊंडवाल्याला हेडफोनात सगळं ऐकू येतं, हे नट विसरतात. टाळ्या चालू होत्या आणि विंगेत त्याचा कॉलर माइकही चालू होता. नाटकात गुंडाच्या हातून मरणाऱ्याचं काम करणारा सार्थक म्हणत होता, "दादा, माफी मागितली ना मी? सोड ना आता."

"आज पुठ्ठ्याचा होता," चैतन्य म्हणाला. "उद्या क्लासबाहेर खरा दाखवतो."

मी त्याची बॅग उघडली. कपड्यांखाली तू मळ्यात शोधत होतीस तो कोयता निघाला. मुठीला तुझ्या हिरव्या साडीची चिंधी तशीच आहे.

नाटकात मामा जवळ घेतो, तेव्हा गुंड कोयता टाकून रडतो. मीही त्याला जवळ घेतलं. तो एवढंच म्हणाला, "मामा, बॅग दे."

आता आम्ही पोलीस चौकीबाहेर टेम्पोत बसलोय. कुठं आलोय हे त्याला कळलंय, तरी मोबाइलवर स्वतःला पडलेल्या शिट्ट्या परत परत ऐकतोय.

हे पत्र मी टाकणार नाही, ताई. तुला फोनच करावा लागेल. काय सांगायचं ते आधी लिहून पाहिलं.

तुझा गोट्या