उर्मट शिंपी

४ मार्च

चि. बंधुराजांस,
अनेक आशीर्वाद. अक्कल वेगळी पाठवते.

तू बनवलेला संगणकावरचा गेम पाहिला. बाबांवरून बेतलेला म्हणे तो शिंपी! गिऱ्हाईक दारात आलं की उठतो, हसतो, मान डोलावतो. पुन्हा गेलं तरी तेच हसू, तीच मान. हा शिंपी की दुकानाच्या काचेतला पुतळा? उभ्या जन्मात बाबांनी कुणाला या म्हटलंय का? हातातली शिवण संपेपर्यंत ते वर बघत नसत. बघितलंच तर तोंडाकडे नाही, कॉलरकडे; आणि आधीच्या शिंप्याचा उद्धार करत. पांढरी मिशी चिकटवली की बाप होतो, हे तुला कुठल्या दिवट्याने शिकवलं?

बाबांचे गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत आहे.

रागावलास तरी उत्तर धाड.
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न., पण नाक मुरडून.

संगणकाची धूळ पुसण्यापलीकडे तुझा त्याच्याशी संबंध नाही, आणि मला पात्रं घडवायला शिकवतेस! तरी हसू काढलं. आता तो काम संपल्याशिवाय बोलत नाही. घाई केली की कापड परत देतो, आणि पुढच्या खेपेला तो राग लक्षात ठेवतो.

आमचे साहेब भडकले. गेम विकत घेणाऱ्याचा अपमान करायचा का, म्हणाले. आरशाखेरीज कुणाकडे धड न पाहिलेला हा गृहस्थ मला माणूस शिकवणार! हसू परत बसव, नाहीतर शिंप्याला काढतो, असं बजावलंय. मी बसवणार नाही.

नवी प्रत पाठवतोय. बाबांना दाखव, कुणावरून केलाय ते बोलू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नये.
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, या वेळी अकलेसकट.

साहेबांनी शिंप्याला काढलंच, हे तुझ्या मधल्या चार ओळींच्या चिठ्ठीवरून कळलं. त्यांच्या गेममध्ये आता सगळे दात काढत बसोत.

इकडे बाबांना तो दाखवला. बघताबघता लाल झाले. कोण हा उर्मट म्हातारा, दारातल्या माणसाला ताटकळत ठेवतो, याच्याकडे कोण फिरकेल, म्हणाले. मी हसू दाबायला आत पळाले. परत येते तर खुर्ची पुढे ओढून त्याला बाही कशी लावायची ते सुनावत होते! तो ढिम्म. मी गेम बंद करायला गेले, तर माझ्यावरच खेकसले. त्याच्या हातात काम आहे, मध्येच दिवा काय मालवतेस, म्हणून.

आम्हा तिघांवर लोभ ठेव.
ताई