पाणथळीतला पावणा

४ नोव्हेंबर १९८५

गवत उपटलं की ते मरतं, की नुसती जागा बदलतं? मुलाखतीत साहेबांनी हे विचारलं तेव्हा मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही. तरी नोकरी मिळाली! घरातली पहिली पदवीधर, आणि पहिलीच नोकरी थेट रत्नागिरीला. आमच्या माणदेशात पाणी बघायला विहिरीत वाकावं लागतं. इथे ते खिडकीखाली येऊन बसलंय. पावस गावाच्या अलीकडे नदीकाठची ही पाणथळ. पूर्वी इथे करंज, कळंब, जांभळं पुरात पाय बुडवून उभी असायची म्हणे. मग कुणीतरी म्हशींच्या चाऱ्यासाठी परदेशी गवत लावलं, आणि त्यानं पाणी, झाडं सगळं गिळलं. ते काढायचं आणि तिथे पुन्हा रान उभं करायचं, हे माझं काम. राहायला बांधावरची जांभ्याची एक खोली. शेजार नाही.

९ नोव्हेंबर

कामावर सगळ्या बायका. पुरुष मुंबईला. त्यांची मुकादमीण हौसामावशी जिभेची तिखट. माझे नवे गमबूट पाहून म्हणाली, बाय, लगनाला चाललीस काय? गवताला गावात नाव नाही. सगळ्या 'पावणा' म्हणतात. बोलावलं कुणी नाही आणि उठायचं नाव घेत नाही, म्हणून. खूप हसलो. एक मात्र खटकलं. संध्याकाळी विळे धुतले की प्रत्येक जणी पाण्याकडे पाठ करून 'जाताव' म्हणते. निघताना 'जाते' असं कुणी म्हणतं का? आईनं मुस्काटात दिली असती.

१९ नोव्हेंबर

एक पट्टा साफ झाला. मुळांचं जाळं ओढलं की खालचं काळं पाणी डोळा उघडल्यासारखं दिसतं. करंजाची रोपं लावली. ऊन उतरलं की बायका घरी जातात आणि मी एकटी उरते. घरी उंबऱ्यावरून 'येते गं' म्हटलं की आतून 'ये' यायचं. इथे कुणाला म्हणणार? म्हणून रोज खोलीकडे वळताना पाणथळीलाच म्हणते, येते हं. तेवढंच बरं वाटतं.

२ डिसेंबर

साफ केलेल्या पट्ट्यात गवताची एक काडीही परतली नाही. साहेबांची शाबासकी मिळाली. पण बांध चढून ते माझ्या अंगणात आलंय. कोरड्या जांभ्यात. सगळी पाती दाराकडे वाकलेली. वारा असेल.

७ डिसेंबर

काल उंबऱ्याच्या फटीत. उपटलं. आज गमबुटात. मूळ ओलं होतं. आणि कोमट.

११ डिसेंबर

आज विसरून सगळ्यांदेखत 'येते' म्हणाले. विळे धुणारे हात थांबले. रोज म्हणतेस? मावशीनं विचारलं. हो म्हटल्यावर तिनं मला पाण्यापासून मागे ओढलं आणि सांगितलं. तिची बहीण राही इथे चारा कापताना असंच म्हणाली होती, मग लग्न होऊन मुंबईला गेली. तिथे तिसऱ्या माळ्यावर तिच्या पिंपात पावणा उगवला. मग तान्ह्याच्या पाळण्यात. राही परत आली आणि पाण्यात उतरली, ती वर आलीच नाही. त्या घरी पुन्हा उगवलं नाही. पावण्याला शबुद दिलास बाय, आता तो न्यायाला येनार, मावशी म्हणाली. बी, मुळं, वाहतं पाणी असं बरंच मी समजावलं. माझाच आवाज मला खोटा वाटला.

१६ डिसेंबर, घरी

रजा घेऊन आले. इथे विहीरसुद्धा आटलीय. आणि आईच्या माठाखालच्या वाळूत हिरवागार कोंब. आई म्हणते, लेकीच्या पाठोपाठ लक्ष्मी आली. ओंजळीनं पाणी घालते त्याला. ती वळल्यावर मी उपटला.

१७ डिसेंबर

दुपारी आई लवंडली होती. केसांत एक पातं अडकलेलं. काढायला ओढलं तर आई झोपेत कळवळली. अडकलेलं नव्हतं ते —

१८ डिसेंबर

निघताना उंबऱ्यावर 'जाते' म्हणाले. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. येते म्हण, म्हणाली. नाही म्हटलं. तरी पाठीमागून तिचं 'ये' आलंच. वळले नाही.

१९ डिसेंबर, बांधावर

भर दुपार. मला पाहून बायका उठून गेल्या. हौसामावशीनं मात्र खाली बसून माझ्या पायांतले गमबूट काढले, बांधावर नीट ठेवले.

करंजाला पालवी फुटलीय. माझी रोपं जगतील.

साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर —

पाय पाण्यात आहेत. कोमट.

मघाशीच मोठ्यानं म्हणून टाकलं. आले.

गवत दारासारखं बाजूला झालं. आतून कुणीतरी, अगदी आईच्या आवाजात —