मेहुण्यांचा खण

३ मार्च
लग्नाला वीस वर्षं. पुढच्या रविवारी जेवण. बायको म्हणाली, सगळ्यांना फोन कर. मी प्रोग्रॅमर माणूस, फोन कशाला? प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या फेरीत प्रत्येक नावाआधी 'आदरणीय' लावायचं, दुसऱ्या फेरीत मेसेज पाठवायचा. नावांच्या कॉप्या न काढता थेट मूळ यादीतच बदल केले. कॉप्या नवशिके काढतात. यादीत मेहुणे शेवटी. निव्वळ योगायोग.

४ मार्च
मेसेज गेले. जितकी नावं तितकेच. मोजले.

६ मार्च
मेहुण्यांचं उत्तर नाही. भाऊ आला नाही तर बायकोच्या घशाखाली घास उतरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. मुद्दाम चाललंय.

७ मार्च
बायको म्हणाली, दादाला एक फोन कर. करणार नाही. केला तर प्रोग्रॅम चुकला असं होईल. ती भाजी निवडायला बसली. तिचं भाजी निवडणंही साधं वाटत नाही.

८ मार्च
यादीत मेहुण्यांच्या वर माझा मावसभाऊ. त्याचा फोन. दोन-दोन आमंत्रणं आली म्हणून भलताच खूश. दोन? म्हणजे मेहुण्यांनी आपलं त्याला फॉरवर्ड केलं. दोघं मिळालेत. नजर ठेवायची.

१० मार्च, ऑफिस
केवळ पुराव्यासाठी कोड उघडला. पहिली फेरी संपली तरी माझा व्हेरिएबल, म्हणजे एकेक नाव हाती धरणारा, यादीतल्या शेवटच्या खणाला, म्हणजे मेहुण्यांच्या खणाला, चिकटूनच राहिला होता. दुसऱ्या फेरीत त्यात येईल ते नाव त्यांच्या खणात लिहिलं गेलं. त्यांची पाळी येईपर्यंत तिथे मावसभाऊ, म्हणून त्यांचा मेसेजही त्यालाच. कोडच्या एका जादा ओळीत सुटलं असतं. कोणाला सांगायचं नाही. उद्या फोन नक्की.

११ मार्च
फोन हातात घेतला. चार्जिंग कमी होतं.

१२ मार्च
मेहुणे सगळ्यांत आधी आले, खुर्च्याही त्यांनीच मांडल्या. बायकोने त्यांना तीन तारखेलाच फोन केला होता म्हणे. मग आठवडाभर माझ्यामागे का लागलीस, विचारलं. "तू आपणहून करतोस का, तेवढंच बघत होते," म्हणाली आणि आत गेली. पाठोपाठ जायला हवं होतं. तेवढ्यात मावसभाऊ आला, दोन आमंत्रणं होती म्हणून शेजाऱ्यालाही घेऊन. खुर्च्या मोजून आणलेल्या. सगळे बसले, मी उभा.

मेहुणे सरकले. "या, इथे अर्धे बसा."

इतकं गोड का बोलतात, कळत नाही. बसलो.