गाडी आता थकली आहे

नळदुर्ग,
दि. १२ सप्टेंबर १९५८

चि. राघवेंद्र यास अंबादासाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खानावळीच्या आमटीला चव नाही, हे तू मुंबईत गेल्यापासून लिहितो आहेस. लग्नाचं विचारलं की मात्र तुझी शाई संपते. असो. इकडं सर्व खुशाल. यंदा बोरी नदीला चांगलं पाणी आहे. किल्ल्यातला धबधबा पाहायला सोलापूरची मंडळी येतात, भिजतात आणि जाताना माझ्या दवाखान्यातून सर्दीचं औषध घेऊन जातात.

लिहायचं कारण वेगळंच. आपली मोटार आता थकली आहे. जहागीरदारांचे धाकटे चिरंजीव हैदराबादला कायमचे गेले, तेव्हा मोठ्या हौसेनं ती मी घेतली. दोनच माणसांची गाडी डॉक्टरला कशाला, म्हणून गाव हसलं होतं. पण ती कधी अडली नाही. आता मात्र क्लच इतका जड झालाय की दाबताना घाम फुटतो. तुळजापूरच्या वाटेवर चढ लागला की गिअर बदलणं ही शिक्षाच. बसप्पा मिस्त्री म्हणतो गाडीत काही दोष नाही. त्याला दिसत नसेल. मी तूर्त जळकोट, अणदूरच्या व्हिजिटा बंद केल्यात. मोटार नीट होईपर्यंत रोग्याला इकडंच आणा, असं लोकांना सांगतो. तू यंत्रातला माणूस, काही उपाय असेल तर कळव.

तुझी वहिनी आठवण काढते. तब्येतीला जप.

तुझा,
दादा


मुंबई,
दि. २० सप्टेंबर १९५८

ती. दादांच्या चरणी राघवेंद्राचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

दादा, उपाय सापडला. क्लच दुरुस्त करायचाच नाही. आमच्या कंपनीचे साहेब विलायतेला परत चालले आहेत. त्यांच्याकडं त्याच कारखान्याची, आपल्या मोटारीनंतर निघालेली नवी मोटार आहे. ती मी घेतली, तुमच्यासाठी. आता नको म्हणू नका.

गेले तीन-चार दिवस मी ती चालवतो आहे आणि मनात सारखी आपलीशी ताडून पाहतो आहे. आपली जुनी म्हणजे ताठ बसलेले पंतोजी. दिवे दोन बाजूंना उभे, स्टेपनी पाठीवर, दोन्हीकडं फुटबोर्ड. नवी सगळी एका घडणीची, गुळगुळीत. दिवे मडगार्डातच बसवलेत. दाराला बाहेरून मूठच नाही, आत हात घालून दोरी ओढायची! इंजिन मोठं आहे, चढावर खालचा गिअर क्वचितच टाकावा लागतो. क्लच जुनीपेक्षा हलका आहे. जुनीची समोरची काच बॉनेटवर पाडता यायची, ती गंमत हिच्यात नाही, एवढंच उणं.

दसऱ्याला मीच घेऊन येतो. झेंडूच्या माळा तयार ठेवा. वहिनींना म्हणावं, पुरणपोळ्या दोन्ही मोटारींच्या हिशेबानं करा.

आपला आज्ञाधारक,
राघवेंद्र


नळदुर्ग,
दि. २८ सप्टेंबर १९५८

चि. राघवेंद्रभाऊजींस वनमालावहिनीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. तुमच्या नव्या मोटारीचं वर्णन ह्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग घडी घालून खिशात ठेवलं आणि बराच वेळ ओसरीवर बसून राहिले. आनंद झालेला माणूस असा बसत नाही.

भाऊजी, गाडी थकलेली नाही. ह्यांचा डावा गुडघा गेला आहे. होळीपासून सुजतोय. रात्री मी शेक देते तेव्हा म्हणतात, आज पावसाळी हवा आहे. क्लच जड नाही, पाय उचलत नाही. तुमच्या घराण्यात दुखणं माणसाला होतच नाही, ते वस्तूला होतं. मामंजींना दिसेनासं झालं तेव्हा वर्षभर ते कंदिलाच्या वातीला नावं ठेवत होते. तुम्हीही त्याच मातीचे, म्हणून ह्यांनी लिहिलेलं तुम्ही जसंच्या तसं खरं धरलंत.

मागच्या आठवड्यात जळकोटची सिद्धम्मा बैलगाडीतून आली. तिची लेक तिकडं बाळंतपणात अडली होती. ह्यांनी सांगितलं की मोटार बंद आहे. ती अंगणात गेली, मोटारीच्या मडगार्डावरून हात फिरवला आणि म्हणाली की लई राबली बिचारी, आता हिला दमवू नका. मल्लिनाथ कंपाउंडरनं सोबत जाऊन एक ट्रक थांबवला आणि लेकीला सोलापूरला नेलं. बाळबाळंतीण सुखरूप आहेत. पण हे त्या दिवशी जेवले नाहीत. व्हिजिट बंद झाली तर ह्यांच्यातला डॉक्टर ह्यांच्या आधी जाईल, ही मला भीती वाटते. नव्या मोटारीनं ते सावरणार असेल तर मी स्वतः तिला ओवाळीन. तुम्ही खरं काय ते लिहा.

माया असू द्या, वाढली तर हरकत नाही.

तुमची,
वहिनी


मुंबई,
दि. ४ ऑक्टोबर १९५८

ती. वहिनींना राघवेंद्राचा नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून लाज वाटली. बसप्पानं दोष नाही म्हणून सांगितलं होतं, ते दादांनीच मला लिहिलं होतं, तरी मी यंत्राचाच विचार करत बसलो. वहिनी, मी खरंच त्याच मातीचा. मुंबईला निघालो तेव्हा दादा मला त्याच मोटारीतून सोलापूरला सोडायला आले होते. काच पाडलेली होती. माझे डोळे वाहत होते आणि मी सारखा म्हणत होतो की वारा फार आहे. दादांनी काच उभी केली.

खरं लिहायचं तर क्लच हलका आहे, पण क्लच आहेच. आणि नवी फार ठेंगणी आहे. पाय लांब करून जवळजवळ जमिनीवर बसावं लागतं. तरी घेऊन येतो. दादांनी स्वतः बसून पाहिल्याशिवाय त्यांना माझं पटणार नाही आणि मलाही चैन पडणार नाही.

दुसरी एक गोष्ट डोक्यात आहे. रागावू नका. शिवणयंत्र तुम्ही पायानं चालवता, हातानं कापड वळवता आणि तोंडानं आम्हा सगळ्यांना हाकता. मोटार चालवायला याहून जास्त काही लागत नाही.

आशीर्वाद असावा, रागासकट चालेल.

तुमचा,
राघवेंद्र


नळदुर्ग,
दि. ५ नोव्हेंबर १९५८

चि. राघवेंद्र यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

नवी मोटार घेऊन तू मुंबईला सुखरूप पोचलास, हे वाचून बरं वाटलं. ती तूच ठेव. जुनीपेक्षा ती सगळ्या बाबतींत सरस आहे, वेगात, चढावर, दिसण्यात. फक्त तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर बसायचं, आणि पाटावरून उठण्याची सोय माझ्याकडं राहिलेली नाही. दसऱ्याला तू आणि मल्लिनाथनं मला बगलेत धरून बाहेर काढलंत. आपण तिघंही हसलो. नंतर तू माळा बांधायच्या निमित्तानं मोटारीमागं गेलास, ते मी पाहिलं. क्लच जड नव्हता. गुडघा गेला आहे. लिहून टाकलं एकदाचं.

आता बातमी ऐक. तू गेल्यावर तुझ्या वहिनीनं सांगितलं की जुनी मोटार ती शिकणार. मी डावीकडं बसून शिकवू लागलो. पहिल्याच दिवशी मी ओरडलो, तशी ती भर रस्त्यात इंजिन बंद करून उतरली, मोटार तुमची तुम्ही घेऊन या म्हणाली आणि घराकडं चालू लागली. मला ती आणता येणार नाही हे तिला ठाऊक होतं. ट्रकवाले थांबून पाहत होते. मी तिथूनच मोठ्यानं माफी मागितली. तुझ्या वहिनीची माफी मी जन्मात प्रथमच मागितली, तीही हायवेवर.

आता ती छान चालवते. नऊवारीचा काष्टा, पायात काही नाही, चपला सीटखाली. मी जुनीत खुर्चीसारखा बसतो आणि फुटबोर्डावर पाय टाकून आपला आपण उतरतो. व्हिजिटा पुन्हा सुरू केल्या. सिद्धम्माकडं गेलो तेव्हा तिनं भाकरतुकडा आणून ओवाळला. मोटारीवरून नव्हे, तुझ्या वहिनीवरून.

पुढच्या सुट्टीत नक्की ये. आमच्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

एक राहिलंच. इतकी वर्षं ती माझ्या शेजारी बसली. मी रस्ता पाहायचो. ती काय पाहत असेल, हे कधी मनात आलं नाही. परवा जळकोटहून येताना तिनं मला दरडावलं, की समोर लक्ष द्या, माझ्या तोंडाकडं काय बघता, एखादं जनावर आडवं येईल. मी विचारलं की तूही इतकी वर्षं इथं बसून हेच करत होतीस का. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जळकोट ते नळदुर्ग गाडी तिसऱ्या गिअरमध्येच आली. चौथा टाकायचा ती विसरली, आणि मी आठवण केली नाही.

तुझा,
दादा