निधीची चाळीस मिनिटं

३ फेब्रुवारी
आमच्या लेकीला, निधीला, अंतराळातल्या दुर्बिणीवर चाळीस मिनिटं मंजूर. तिची पीएचडी त्यावरच अडलीय. कधी, म्हणून विचारलं तर म्हणते, वर्षभरात कधीतरी. एकतीस वर्षं डेपोत बसचं टाइमटेबल लावलं मी. 'कधीतरी' ऐकलं की पित्त उठतं. लक्ष घालावं लागणार.

५ फेब्रुवारी
अभ्यास केला. दुर्बिणीला वळायला वेळ लागतो, म्हणून शेजारशेजारचे तारे एकापाठोपाठ घेतात. आम्ही कांदिवली-बोरिवली असंच करायचो. माझी गरज आहे त्यांना. संकल्प: चहा बंद, रोज तासभर खगोलशास्त्र. (चहा तीन. थंडी होती.)

९ फेब्रुवारी, स. ९.१५
निधी आंघोळीला. लॅपटॉपवर दुर्बिणीचा फॉर्म उघडा. 'ठरावीक वेळ हवी का?' रकाना रिकामा. पीएचडीवाले असेच. भरला: १४ मार्च, संध्या. ७.१०. सोसायटीची पूजा आहे, सगळे गच्चीवर असतील. पाठवूनही दिला. निधीला सरप्राइज.

२० फेब्रुवारी
पूजेची नोटीस लावली. आरती ७, निधीचा तारा ७.१०, प्रसाद ७.५०. जानकी म्हणाली, दुर्बीण वर, आपण गच्चीवर काय बघणार? बायकोला नियोजन कळत नाही.

२ मार्च
वाट लागली. तिकडून मेल. १४ तारखेला सूर्य त्या ताऱ्याला खेटून आहे. सूर्याच्या बाजूला दुर्बीण वळवतच नाहीत. आणि वेळ ठरावीक मागितल्यामुळे दुसरा दिवस देता येत नाही. चाळीस मिनिटं रद्दही होतील. निधी रडली. फॉर्मला हात कोणी लावला, विचारत होती. मी म्हटलं, चूक सूर्याची.

३ मार्च
कबूल केलं. रकाना रिकामा करून, माफी मागून फॉर्म परत पाठवला निधीने. पासवर्डही बदलला. (माझी जन्मतारीख नाही. जानकीचीही नाही.)

१४ मार्च
नोटीस काढायची राहिली. ७.१० ला तेहतीस माणसं गच्चीवर. माघार कशी घेणार? बोट दाखवलं. सेक्रेटरी सौरभने फोटो काढले. मोठा करून बघितला तर टॉवरवरची लाल बत्ती. प्रसाद मात्र वेळेवर.

१७ जून
वाण्याकडे कळलं. कुणाचं तरी निरीक्षण रद्द झालं, त्या जागेत निधीची चाळीस मिनिटं बसवली. काल दुपारी झालीसुद्धा. मी घोरत होतो. डेटा झकास आलाय म्हणे. वेळ आठवडाभर आधीच ठरली होती. जानकीला माहीत, सौरभला माहीत, वाण्याला माहीत.
निधीला विचारलं, मला का नाही सांगितलं गं?
म्हणाली, सांगणार होते, बाबा. कधीतरी.